निनावी तिसरी : 'डीप पर्पल'च्या १९६९ च्या तबकडीकडे पुन्हा एकदा

आज ज्या तबकडीबद्दल बोलायचं आहे तिला स्वतःचं असं नाव नाही. 'डीप पर्पल' या इंग्लिश हार्ड रॉक संचाची ही तिसरी तबकडी, आणि तिच्यावर नाव आहे नुसतं 'डीप पर्पल'. पहिलीला नाव होतं, दुसरीला होतं, आणि तिसरीला मात्र थेट संचाचंच. एखादा कलावंत आपल्या कृतीला स्वतःचंच नाव देतो तेव्हा तो काय म्हणत असतो? 'हे आम्ही' असं म्हणत असतो. आता गंमत बघा. ही तबकडी जून १९६९ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत पोचली, आणि त्याच जूनच्या पहिल्या आठवड्यात, लंडनमध्ये, याच संचातल्या तिघांनी दुसराच गायक उभा करून नवं गाणं ध्वनिमुद्रित केलं होतं. 'हे आम्ही' म्हणणाऱ्या पाचांपैकी दोघे महिन्याभरात 'आम्ही'तून वजा झाले. इंग्लंडमध्ये तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारा माणूस संचात नव्हताच.

ज्यांना या संचाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'स्मोक ऑन द वॉटर' हे गाणं, निदान त्याचं सुरुवातीचं गिटारचं पालुपद, ऐकलं नाही असा माणूस विरळा. ते १९७२ च्या 'मशीन हेड' तबकडीतलं. तो संच म्हणजे गिलन, ग्लोव्हर, ब्लॅकमोर, लॉर्ड, पेस. आपण ज्याला 'डीप पर्पल' म्हणतो तो हाच. पण त्याआधी, १९६८ आणि ६९ मध्ये, गायक होते रॉड इव्हान्स आणि बास वाजवत होते निक सिंपर. या पाच जणांनी वर्षाच्या आत तीन तबकड्या केल्या. समीक्षेत या तिन्हींना मिळून साधारण एक परिच्छेद मिळतो. त्यातही 'हश' या गाण्याला दोन वाक्यं जातात, कारण ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. तिसऱ्या तबकडीच्या वाट्याला उरतं अर्धं वाक्य.

या अर्ध्या वाक्यात आमचाही वाटा आहे, तो आधी कबूल करतो. सत्तरच्या दशकात, विद्यार्थी असताना, आम्ही आधी 'मशीन हेड' ऐकली, मग 'इन रॉक', आणि नंतर कधीतरी एका मित्राच्या काकांनी परदेशातून आणलेली ही. म्हणजे उलट्या क्रमाने. एकदा ऐकली, आणि वसतिगृहाच्या भित्तिपत्रकात ऐटीत लिहून टाकलं की हा गायक हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर गाणाऱ्याच्या लायकीचा आहे आणि ही तबकडी म्हणजे 'इन रॉक'ची रंगीत तालीम. मित्र खूश झाले. आम्हीही झालो. ते मत पुढे चाळीसेक वर्षं न तपासता तसंच वागवलं. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे फारसं शोभणारं नाही, पण झालं खरं.

यात चूक कुठे झाली, हे सांगायला आम्हाला आमच्याच विषयातला एक जुना भेद उपयोगी पडतो. न्याय-वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार मानले, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. त्यातला एक प्रागभाव. घट तयार होण्याआधी मातीत घटाचा जो अभाव असतो तो. दुसरा अन्योन्याभाव. घट हा पट नाही आणि पट हा घट नाही, एवढंच. या दोहोंत फरक काय? प्रागभावात माती घटाची वाट बघत असते. घट झाला की तो अभाव संपतो, आणि मातीला आपण विसरतो. अन्योन्याभावात कोणी कोणाची वाट बघत नाही. कापड हे न झालेलं मडकं नव्हे. आमचं म्हणणं असं की समीक्षेने, आणि आम्हीही, या तबकडीकडे कायम प्रागभाव म्हणून पाहिलं. तिच्यात गिलन यांची किंकाळी नाही, ब्लॅकमोर यांची ती धारदार पालुपदं अजून नाहीत, जोर अजून नाही. सगळीकडे 'अजून'. तो 'अजून' काढून टाकला तर काय ऐकू येतं, हा आजचा प्रश्न आहे.

आधी एक साधा हिशेब. पहिल्या तबकडीत आठ रचना, त्यांतल्या चार दुसऱ्यांच्या. बीटल्सचं 'हेल्प' आहे, 'हे जो' आहे. दुसरीत सात रचना, तीन दुसऱ्यांच्या. तिसरीत आठ रचना आणि उसनी फक्त एक, डोनोव्हन यांचं 'ललेना'. वर्षाच्या आत चारावरून एकावर. दुसऱ्याची गाणी सजवून गाणारा संच स्वतःचं बोलायला लागला तो या तिसऱ्या तबकडीत. म्हणजे तिच्यावर संचाचं नाव घालणं हा आळस नव्हता, त्यामागे कारण होतं.

आता प्रत्यक्ष ऐकू या.

(इथे 'चेसिंग शॅडोज'ची पहिली दोन मिनिटे ऐकवली.)

हे सुरुवातीचं गाणं. पेस त्या वेळी वीस वर्षांचे होते. लक्ष द्या, इथे ताल गाण्याच्या मागे उभा नाही. तालातूनच गाणं निघतं. आफ्रिकी वळणाची लय आहे, ढोलांच्या जोडीला इतर तालवाद्यं आहेत, आणि गायक त्या लयीवर स्वार व्हायचा प्रयत्नही करत नाही. तो भेदरलेल्या माणसासारखा सपाट आवाजात दुःस्वप्न सांगतो. गीत लॉर्ड यांच्या दुःस्वप्नांवरून सुचलेलं. आता विचार करा, या ठिकाणी कोणी बेंबीच्या देठापासून ओरडला असता तर? भीती गेली असती, फक्त आरडाओरडा उरला असता. घाबरलेला माणूस हळू बोलतो.

'ब्लाइंड'मध्ये लॉर्ड हार्पसिकॉर्ड वाजवतात. हे तारा छेडणारं, टिणटिणणारं जुनं युरोपीय वाद्य, दिवाणखान्यातलं. आणि त्याच गाण्यात ब्लॅकमोर यांची गिटार वा-वा पेडलवरून बोलते. दोन वेगवेगळ्या शतकांतली माणसं एका बाकावर शेजारी बसावीत तसं. ती एकमेकांशी भांडत नाहीत आणि गळ्यातही पडत नाहीत. 'फॉल्ट लाइन' ही पावणेदोन मिनिटांची शब्दाविना रचना. तिच्यात ड्रमचं ध्वनिमुद्रण उलटं वाजवलं आहे आणि त्यावर ऑर्गन आणि गिटार. ठोका आधी येऊन मग विरण्याऐवजी विरलेला आवाज फुगत येतो आणि ठोक्याशी तुटतो. पायाखालची जमीन ओढली जाते आहे असं वाटतं. नावही भूपृष्ठातल्या भेगेचं आहे.

आता जे हलकं आहे ते हलकंच म्हणू. 'द पेंटर' ही गिटार आणि ऑर्गन यांना आळीपाळीने वाजवायला दिलेली जागा आहे, त्यापलीकडे काही नाही. 'व्हाय डिडन्ट रोझमेरी' हा बारा मात्राखंडांचा सरधोपट ब्लूज. पोलान्स्की यांच्या 'रोझमेरीज बेबी'वरून सुचलेला, कल्पना चांगली, ब्लॅकमोर झकास वाजवतात, पण इव्हान्स यांना ब्लूज गाता येत नाही. इथे आमचं जुनं भित्तिपत्रक बरोबर होतं. 'ललेना' सुंदर आहे पण पाच मिनिटं फार होतात. शिवाय एकूण ध्वनिमुद्रण जरा किरटं आहे. सिंपर यांचा बास आहे तेवढा ऐकायला चांगले हेडफोन लागतात. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून आम्हाला पत्र लिहू नका.

आणि मग 'एप्रिल'.

बारा मिनिटं दहा सेकंद. लेखन ब्लॅकमोर आणि लॉर्ड या दोघांचं. ब्लॅकमोर यांचा जन्म एप्रिलमधला, ही एक गोष्ट. पण रचनेतला एप्रिल आनंदाचा नाही. इंग्लंडातला तो महिना म्हणजे वसंताचा, फुलांचा. इथे तो खिन्न आहे. रचनेचे तीन भाग. पहिल्यात ऑर्गन, गिटार, मागे दुंदुभींसारखे गंभीर ठोके, शब्द नाहीत. दुसऱ्यात संच पूर्ण बाजूला होतो आणि लॉर्ड यांनी लिहिलेलं तंतुवाद्यं आणि सुषिर वाद्यांचं संगीत येतं. त्यात गिटार नाही, ड्रम नाहीत, काही नाही. रॉकची तबकडी विकत आणलेल्या पोराला इथे वाटलं असणार की कारखान्यात चुकून दुसरीच तबकडी दाबली गेली. आणि तिसऱ्या भागात संच पूर्ण ताकदीने परत येतो, आणि बारा मिनिटांतली जवळजवळ दोन तृतीयांश गेल्यावर गायक पहिल्यांदा तोंड उघडतो.

(इथे 'एप्रिल'चा दुसऱ्या भागाचा शेवट आणि तिसऱ्याची सुरुवात ऐकवली.)

ऐकलंत? संच आत येतो त्या क्षणी काय होतं ते महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात लॉर्ड यांनी 'कॉन्चेर्टो फॉर ग्रूप अँड ऑर्केस्ट्रा' रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये सादर केला. माल्कम अर्नल्ड यांचं संचालन, रॉयल फिलहार्मॉनिक वाद्यवृंद. त्याची मांडणी, विशेषतः पहिल्या भागात, दोन प्रतिस्पर्ध्यांसारखी आहे. वाद्यवृंद एका बाजूला, संच दुसऱ्या बाजूला, आणि सामना. त्यानंतर ब्लॅकमोर म्हणाले की आता बास, आता निखळ रॉकची तबकडी. जून १९७० मध्ये 'इन रॉक' आली आणि पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे या संचात दोन ओढी होत्या. एक लॉर्ड यांची, लिखित अभिजात संगीताकडे. दुसरी ब्लॅकमोर यांची, आवाजाच्या धारेकडे. 'कॉन्चेर्टो'मध्ये त्यांचा सामना झाला, 'इन रॉक'मध्ये एक बाजू जिंकली. निकाल चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. 'इन रॉक' ही थोर तबकडी आहे, तिच्याबद्दल आमच्या मनात किंतु नाही.

पण 'एप्रिल'मध्ये निकाल लागलेला नाही. वाड्यात चौक ओलांडून एका सोप्यातून दुसऱ्या सोप्यात जावं तसं या रचनेत आपण जातो. एका खोलीने दुसरीला गिळलेलं नाही. आणि तिसऱ्या खोलीत इव्हान्स गातात तेव्हा त्यांना पहिल्या दोन्ही खोल्यांचं मौन पुढे चालवायचं असतं. तो खालच्या पट्टीतला, न ताणलेला, जरा उदास पुरुषी आवाज इथे नेमका आहे. साडेआठ मिनिटं कोणीच बोललेलं नसताना बोलणाऱ्याने कसं बोलावं? तसंच. आम्ही ज्याला हॉटेलातला गायक म्हटलं तो इथे निवेदकासारखा गातो. हे आम्हाला सत्तरी ओलांडल्यावर कळलं.

कोणी म्हणेल, वाजवणारेच या तबकडीला फारसं महत्त्व देत नाहीत, मग तुम्ही कोण? खरं आहे. पहिल्या दोन तबकड्यांतल्या 'मँड्रेक रूट', 'रिंग दॅट नेक' या रचना नव्या संचाने पुढे मैफलींत वर्षानुवर्षं वाढवून वाजवल्या. तिसरीला तसं भाग्य फारसं लाभलं नाही. पण घर सोडून गेलेल्याला सोडलेल्या घराचं मोजमाप विचारू नये. त्याच्याकडे न जाण्याची कारणं असतात आणि जाण्याची कारणं असतात, आणि दोन्ही घराबद्दल नसतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. तबकडीत पुढच्या कामाची बीजं आहेतच, मग तिला पूर्वतयारी म्हटलं तर बिघडलं कुठे? इथे एक उदाहरण घेऊ, आणि त्यात आपल्या मुंबईचं नाव आहे. 'इन रॉक'मधलं सगळ्यात गाजलेलं गाणं 'चाइल्ड इन टाइम'. त्याची सुरुवातीची ऑर्गनची धून 'बॉम्बे कॉलिंग' नावाच्या रचनेवरून आली. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या संचाची. (पुढे १९९५ मध्ये 'डीप पर्पल' मुंबईत वाजवून गेले, आणि त्या मैफलीचं चित्रमुद्रण याच नावाने निघालं. ही नुसती गंमत, मुद्द्याशी संबंध नाही.) मुद्दा असा की 'बॉम्बे कॉलिंग' हे 'चाइल्ड इन टाइम'चं कारण आहे, अगदी उघड कारण. तरी कोणीही त्याला 'चाइल्ड इन टाइम'ची रंगीत तालीम म्हणत नाही. का? कारण ते दुसऱ्यांचं आहे. म्हणजे कारण असणं वेगळं आणि कच्चा खर्डा असणं वेगळं, हे आपल्याला दुसऱ्याच्या बाबतीत बरोबर कळतं. फक्त कर्ता तोच असला की आपण त्याच्या आधीच्या कामाला नंतरच्याचं देणेकरी ठरवतो. आणि या तबकडीच्या बाबतीत तर कर्ताही तोच नाही! पाचांतले दोघे वेगळे आहेत. सिंपर आणि इव्हान्स यांनी 'इन रॉक'ची कुठलीही तालीम केलेली नाही. ते त्यात कधी असणारच नव्हते. त्यांच्या दृष्टीने ही शेवटची तबकडी होती, जरी ती करताना त्यांना ते माहीत नव्हतं.

आम्हाला खरं टोचतं ते इथे. नव्या गायकाबरोबर तालमी चालू होत्या तेव्हा जुना संच ठरलेल्या मैफली वाजवत होता. दोघांना सांगायचं शेवटी राहिलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात जुन्या संचाची अखेरची मैफल झाली, पुढच्या आठवड्यात नव्याची पहिली. सिंपर हे त्याआधी जॉनी किड यांच्या संचात होते. १९६६ च्या ज्या मोटार अपघातात किड गेले त्यातून ते वाचले होते. काढल्यावर ते कोर्टात गेले, तडजोड झाली. इव्हान्स अमेरिकेत गेले, 'कॅप्टन बियाँड'मध्ये गायले, चांगले गायले. आणि मग १९८० मध्ये त्यांनी, मूळ संच मोडलेला असताना, अनोळखी वादकांना घेऊन 'डीप पर्पल' या नावाने अमेरिकेत कार्यक्रम केले. लोक 'स्मोक ऑन द वॉटर' ऐकायला आले, जे त्यांचं नव्हतंच. खटला झाला, साडेसहा लाख डॉलरांहून अधिक भरपाईचा निकाल लागला आणि पहिल्या तीन तबकड्यांच्या मानधनावरचा त्यांचा हक्कही गेला. ते चूक होतं, याबद्दल दुमत नाही. पण ज्या तबकडीवर तेच नाव छापलेलं होतं आणि आवाज त्यांचा होता, तिचे पैसेही त्या नावापायी गेले. प्रागभावाला अंत असतो, प्रध्वंसाभावाला आरंभ असतो पण अंत नसतो, असं पाठ करवून घ्यायचो आम्ही वर्गात. फुटलेलं मडकं कायमचं फुटलेलं.

आवरणाबद्दल सांगायचं राहिलं. हीरोनिमस बॉस यांच्या माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातल्या प्रसिद्ध त्रिपटातलं उजवं फलक, म्हणजे नरक, इथे वापरलं आहे. मूळ रंगीत, आवरणावर काळंपांढरं. त्या नरकात वाद्यंच छळाची साधनं आहेत. एक माणूस वीणेसारख्या हार्पच्या तारांत अडकवलेला, दुसरा भल्या मोठ्या ल्यूटला जखडलेला. आणि या गर्दीत आपले पाच वादक चिकटवले आहेत. शेवटचं एकत्र चित्र. अमेरिकेतल्या प्रकाशक कंपनीचं नाव 'टेट्राग्रॅमॅटन', हिब्रूतलं ईश्वराचं चार अक्षरी, उच्चारायचं नाही असं नाव! ईश्वर वर आणि नरक आवरणावर. कंपनी आधीच डबघाईला आली होती, १९७० मध्ये बुडाली. पहिली तबकडी अमेरिकेच्या यादीत २४ व्या क्रमांकापर्यंत गेली होती, दुसरी ५४ व्या, ही १६२ व्या. या उतरंडीचं खापर बरेच जण संगीतावर फोडतात. तबकडी दुकानात नीट पोचवायला, तिची जाहिरात करायला कंपनीकडे पैसे नव्हते, हे मात्र सोयीने विसरलं जातं.

२०१६ मध्ये या संचाला अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळालं. आठ जणांची नावं होती, इव्हान्स यांचंही होतं. ते आले नाहीत. सिंपर यांचं नावच नव्हतं. तीन तबकड्यांवर दोघे सारखेच आहेत, पहिल्या सुरापासून. एकाला घेतलं आणि एकाला वगळलं, याचं तर्कशास्त्र आम्हाला अजून लागलेलं नाही. कोणाला लागलं तर जरूर कळवा.

दोन चिठ्ठ्या आल्या आहेत. एकात विचारलंय की ही तबकडी कोणत्या क्रमाने ऐकावी. आधी ही ऐका, मग 'इन रॉक'. ज्यांनी दोन्ही ऐकल्या आहेत त्यांना आता ते शक्य नाही, आम्हालाही नाही. पण घरातल्या लहानांना सांगता येईल. दुसऱ्या चिठ्ठीत 'बर्ड हॅज फ्लोन'बद्दल काहीच बोलला नाहीत अशी तक्रार आहे. बरोबर आहे, चांगलं गाणं आहे, त्यातली गिटार ऐकण्यासारखी आहे, वेळ पुरला नाही.

आता दिवे थोडे कमी करा. 'एप्रिल' सबंध लावतो आहोत. मधलं वाद्यवृंदाचं संगीत थांबलं की कृपा करून टाळ्या वाजवू नका, मागच्या खेपेला तसं झालं होतं. तिथे गाणं संपत नाही. गायक अजून यायचा आहे.